मोजून घेणारा माणूस

लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण सासुरवाडीत माझी ओळख अजून ‘नोटा मोजणारे जावई’ अशीच आहे. वास्तविक घडलं ते इतकंच. दिवाळसणाला गेलो होतो. निघताना सासऱ्यांनी माझ्या हातात चार हजार रुपये ठेवले आणि म्हणाले, “जावईबापू, तुमच्याच शाखेत माझं रिकरिंग आहे, तेवढे भरून टाका.” मी पैसे घेतले, अंगठा जिभेला लावला आणि मोजले. मग सवयीने गड्डी उलटी करून पुन्हा मोजले. पाचशेची एक नोट हाताला जरा गुळगुळीत लागली म्हणून खिडकीच्या उजेडाकडे धरली. माजघरातली भांडी वाजायची थांबली. सासरे म्हणाले, “राहू द्या हो, नोटा घरच्याच आहेत.” आणि माझ्या तोंडून, देवाशपथ सांगतो, चेष्टेचा विचारही मनात नसताना निघून गेलं, “तीच तर भीती असते, अण्णा.”

परतीच्या एस्टीत आमची ही साताऱ्यापासून स्वारगेटपर्यंत एक शब्द बोलली नाही.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. समोरच्याने दिलेलं मोजून घेणं हा त्याचा अपमान आहे का? आमच्या बँकेत भिंतीवर पाटीच आहे, ‘खिडकी सोडण्यापूर्वी रोख मोजून घ्यावी.’ म्हणजे बँक स्वतःच सांगते की बाबा रे, आमच्यावर विश्वास ठेवू नकोस. या पाटीचा राग कोणाला आल्याचं मी पाहिलेलं नाही. तेच वाक्य मी माजघरात कृतीने म्हटलं तर तीन दिवस अबोला!

बी.कॉम.च्या तीन वर्षांत जी एक गोष्ट माझ्या डोक्यात कायमची बसली, ती ऑडिटच्या पेपरातली. १८९६ साली विलायतेत किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात न्यायमूर्तींनी निवाडा दिला की ऑडिटर हा राखणीचा कुत्रा आहे, वास काढत चोराच्या मागे जाणारा नव्हे. उपमा ऐकून ऑडिटर लोकांना काय वाटलं असेल ते त्यांनाच ठाऊक. मला मात्र आपला वर्ग सापडल्याचा आनंद झाला. मी कोणाच्या मागे जात नाही. दारात जे येतं त्याच्यावर भुंकतो.

आता हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमचा भाचा. हा हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे. रविवारी पोहे खायला येतो आणि मामीने ‘काम काय असतं रे तुला?’ असं विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर देतो. त्यावरून ते काम नेमकं काय याची आमच्या घरी कोणालाच कल्पना नव्हती. गेल्या महिन्यात मात्र तो वैतागून म्हणाला, “मामी, सध्या मी फक्त बाहेरून येणारं तपासतोय. व्हॅलिडेशन.”

“बाहेरून कोण येतं?” हिने विचारलं.

“माणूस नाही गं. दुसरा प्रोग्राम. मामा, तू समज, एक खिडकी आहे. तिला आम्ही एपीआय म्हणतो. तुझ्या खिडकीसमोर माणसं असतात, माझ्या खिडकीसमोर प्रोग्राम. तो चिठ्ठी आत सरकवतो, या खात्यातून त्या खात्यात इतके रुपये टाका. आत आम्ही. चिठ्ठी आली की आधी बघायचं, सगळे रकाने भरलेत का, रकमेच्या जागी आकडाच आहे का, तारखेच्या जागी तारीख आहे का, आकडा शून्याहून मोठा आहे का...”

“शून्याहून मोठा? उणे रक्कम कोण कशाला पाठवेल?”

“मामा, तू मला उणे पाचशे रुपये पाठवलेस, तर काय होईल?”

मी चमचा खाली ठेवला. माझ्या खात्यातून उणे पाचशे वजा, म्हणजे अधिक पाचशे. त्याच्या खात्यात उणे पाचशे जमा, म्हणजे पाचशे गायब. पैसे पाठवणाऱ्याने घेणाऱ्याला लुबाडलं, आणि तेही त्याला पैसे पाठवून! वीस-बावीस वर्षं काउंटरला बसून ही युक्ती मला सुचली नव्हती. बी.कॉम.ला दुसरा वर्ग मिळाला होता, तो उगाच नाही.

“म्हणून पहिला नियम,” भाचा म्हणाला, “जे आलं, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.”

मी उठून त्याला मिठी मारली. हातात पोह्यांची बशी होती, थोडे त्याच्या शर्टावर सांडले. पण सबंध आप्तेष्टांत मला समजून घेणारा पहिला माणूस भेटला होता, आणि तो पगार माझ्या तिप्पट घेत होता.

मग आमच्या गप्पा रंगल्या. मी शंका काढली, “अरे, पण मोबाइलवर फॉर्म भरताना तो तिथल्या तिथे लाल अक्षरांत ओरडतो ना, नंबर दहा आकडी हवा म्हणून? मग तुम्ही पुन्हा कशाला तपासता?” तो म्हणाला, “मामा, तो फॉर्म त्यांच्या हातात असतो. ते ओरडणं चांगल्या माणसाच्या सोयीसाठी. वाईट माणूस फॉर्म बाजूला ठेवतो आणि चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहून थेट खिडकीत सरकवतो.” हे मला एकदम पटलं. आमच्या हॉलमध्ये उंच टेबल असतं, त्यावर दोरीला बांधलेलं पेन. तिथे स्लिप भरून देणारे एक पेन्शनर काका असायचे. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आणि बेरीज कधी चुकायची नाही. पण म्हणून काउंटरच्या आत बसलेला मी ‘बाहेर काकांनी पाहिलंय’ असं म्हणून शिक्का मारला असता, तर पुढची नोकरी मला त्या उंच टेबलापाशीच करावी लागली असती.

न मोजल्याने काय होतं याची भाच्याने सांगितलेली एक गोष्ट मी आता शाखेत सगळ्यांना सांगतो. २०१४ च्या एप्रिलात जगभर बोंब झाली, तिचं नाव हार्टब्लीड. इंटरनेटवरचा मजकूर कुलूपबंद करणारी ओपन-एसएसएल नावाची एक व्यवस्था आहे. तिच्यात दोन यंत्रं मधूनमधून एकमेकांना ‘आहेस ना रे जागा?’ असं विचारतात. विचारणारा एक शब्द पाठवतो आणि म्हणतो, हा इतक्या लांबीचा शब्द आहे, तो मला जसाच्या तसा परत दे. आता एखाद्याने शब्द पाठवला एका अक्षराचा आणि सांगितलं की हा चौसष्ट हजार अक्षरांचा आहे, तर? समोरचं यंत्र बिचारं मोजत नव्हतं. ते ते एक अक्षर परत द्यायचं आणि उरलेली भरती शेजारी स्मरणात जे काही पडलं असेल त्यातून करायचं. त्यात लोकांचे पासवर्ड असायचे, कुलपाच्या किल्ल्यासुद्धा असायच्या.

म्हणजे बघा, गिऱ्हाइकाने एक रुपया पुढे केला आणि म्हणालं, “हे चौसष्ट हजार ठेवा. बरं, आता परत द्या.” आणि कॅशियरने ड्रॉवरमधून चौसष्ट हजार मोजून दिले. देताना मोजले, घेताना नाही. हा प्रकार दोन वर्षं चालू राहू शकत होता आणि कोणाच्या लक्षात आला नाही. शेवटी दुरुस्ती काय केली? सांगितलेली लांबी आणि आलेली लांबी ताडून पाहायची. बास. सगळ्या जगाची अब्रू गेली आणि उपाय निघाला तो साताऱ्याच्या माजघरात मी केला तोच!

त्याच्या दोन वर्षं आधीची, मार्च २०१२ ची, दुसरी गोष्ट. गिटहब म्हणून प्रोग्रामर मंडळींची मोठी पेढी आहे, तिथे एकाने स्वतःची किल्ली नोंदवण्याच्या अर्जात एक जादा रकाना घुसवला आणि त्यात दुसऱ्याच्याच खात्याचा क्रमांक टाकला. खिडकीने तो निमूट नोंदवला. नमुना सहीच्या कार्डावर सही आपली आणि खाते नंबर शेजाऱ्याचा, असा हा मामला. (आमच्याकडे एका गृहस्थांनी मुदतठेवीच्या अर्जाच्या तळाशी पेनाने ‘व्याज १२ टक्के द्यावे’ असं लिहिलं होतं. आम्ही दिलं नाही. पण लिहिण्यातला त्यांचा आत्मविश्वास पाहून क्षणभर पेन थबकलं हे कबूल करतो.)

इथवर माझी बाजू भक्कम होती. मी मनातल्या मनात सासऱ्यांना पत्रही लिहायला घेतलं होतं. पण भाच्याने चहाबरोबर एका थोर माणसाचं नाव काढलं आणि घोळ झाला. जॉन पोस्टेल हे इंटरनेट उभारणाऱ्या पहिल्या पिढीतले गृहस्थ. त्यांनी १९८० च्या सुमारास नियम घालून दिला, त्याचा मथितार्थ असा की आपण देताना काटेकोर असावं आणि दुसऱ्याकडून घेताना उदार असावं. ऐकल्यावर वाटलं, हे कीर्तनात शोभेल. समोरच्याचं थोडं वाकडंतिकडं आलं तरी समजून घ्या की! आणि मग मला आठवलं की आमच्या कायद्यातही तो उदारपणा आहे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १८ सांगतं की चेकवर अक्षरी रक्कम आणि आकडी रक्कम जुळत नसेल, तर अक्षरी धरावी. म्हणजे चुकलास तरी हरकत नाही, तुझ्या शब्दाला आम्ही मानतो! आणि आम्ही काय करतो? ‘अक्षरी व आकडी रकमेत फरक’ अशी चिठ्ठी लावून चेक परत पाठवतो.

“बरोबरच करता,” भाचा म्हणाला. “पोस्टेलसाहेबांचा नियमही आता पहिल्यासारखा मानत नाहीत. आपण समजून घेत गेलो की समोरचा कधी सुधारतच नाही, आणि त्याची चूकच पुढे रीत होऊन बसते. शिवाय आपण समजून घेतलं ते बरोबरच समजलं, याला पुरावा काय?”

यावर मी गप्प झालो, कारण मला आमचे जुने हेड कॅशियर आठवले. माणूस देवासारखा. कोणाची स्लिप परत करायची नाही. खाते नंबर चुकला तर स्वतःच खोडून बरोबर करायचे. गावातली सगळी माणसं त्यांना तोंडपाठ होती. एकदा असाच एका गिऱ्हाइकाचा ‘चुकलेला’ नंबर त्यांनी सुधारला आणि पैसे थोरल्या भावाच्या खात्यात गेले. दोघा भावांच्या नावांचं आद्याक्षर एक होतं आणि मधल्या भिंतीवरून दोघे कोर्टात होते. ते पैसे बाहेर काढताना हेड कॅशियरांचे जे केस गेले ते पुन्हा आले नाहीत. भाचा म्हणतो, काही संगणकी भाषाही अशाच प्रेमळ असतात. ‘१२ अबक’ असं दिलं तर १२ ठेवतात आणि अबक गुपचूप गिळतात.

तर परत पाठवावं, हे ठरलं. पण परत पाठवताना आपण नेमकं काय तपासलं? इथे मी जरा अडखळतो. पॅनचा नंबर बघा. आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. माणसाचं पॅन असेल तर चौथं अक्षर ‘पी’ आणि पाचवं आडनावाचं पहिलं. बँकेचा आयएफएससी कोड अकरा अक्षरी, पाचव्या जागी हमखास शून्य. आधारचा बारावा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून हिशेबाने काढलेला असतो. लिहिताना एक आकडा चुकला की यंत्र लगेच ओरडतं. फार हुशारीचं काम आहे. पण यात पकडला जातो तो हात घसरलेला माणूस. खोटं बोलणारा माणूस नीट बघून लिहितो.

माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जून. काकांची १ जून. आत्याचीही १ जूनच. आमच्या आजीने तिन्ही बाळंतपणं पेरणीच्या आधी आटोपून घेतली होती, असा समज होईल. खरी गोष्ट अशी की शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं, तारीख? आजोबांनी खरं उत्तर दिलं, चलेजावच्या दुसऱ्या वर्षी, ज्वारीची काढणी चालू होती आणि त्याच आठवड्यात आमचा बैल गेला. मास्तरांच्या रकान्यात बैल मावेना. त्यांनी १ जून लिहिलं. ती तारीख पुढे नोकरीला चालली, पेन्शनला चालली, आधार कार्डावर चढली. दिवस, महिना, वर्ष, सगळं जागच्या जागी. आजवर एकाही खिडकीने ती परत पाठवली नाही. आणि जे खरं होतं, बैलासकट, ते कुठल्याही खिडकीत एक क्षण टिकलं नसतं.

मी हे भाच्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “मामा, रकाना आम्ही आखतो ना, त्यात हे येतंच.” २०१० साली पॅट्रिक मॅकेन्झी नावाच्या प्रोग्रामरने माणसांच्या नावांबद्दल प्रोग्रामर लोकांचे चाळीस गैरसमज यादी करून छापले होते म्हणे. प्रत्येकाला आडनाव असतंच, हाही त्यातला. आमच्या शाखेत तमिळ अधिकारी होते, त्यांना आडनावच नव्हतं. कुठल्याशा फॉर्मने हट्ट धरला म्हणून त्यांनी त्या रकान्यात पुन्हा स्वतःचंच नाव लिहिलं. तेव्हापासून काही पत्रं त्यांना डबल नावाने येत.

नंबरावर भिस्त ठेवण्यात आम्हीही मागे नव्हतो. एनईएफटीने पैसे पाठवताना तुम्ही नाव लिहीत होता, पण पैसे जमा व्हायचे ते फक्त खाते नंबर पाहून. नंबर खरा, खातं खरं, माणूस भलताच. पाठवण्याआधी घेणाऱ्याचं नाव दिसण्याची सोय करायला रिझर्व्ह बँकेने बँकांना १ एप्रिल २०२५ ची मुदत दिली. तोवर किती जणांनी किती अनोळखी लोकांची दिवाळी केली असेल, देव जाणे.

असो. मला सांगायचं होतं ते वेगळंच. भाच्याने त्या दिवशी लॅपटॉप उघडून दाखवलं, चिठ्ठी नापास झाली की खिडकी काय उत्तर देते ते. ४०० असा आकडा. अर्थ, तुमची विनंती अयोग्य आहे. काही खिडक्या एवढंच सांगून थांबतात. “हे वाईट काम,” तो म्हणाला. “कुठला रकाना चुकला, काय हवं होतं, ते सांगायला पाहिजे. आणि सगळ्या चुका एकदम सांगायच्या. आज एक, उद्या दुसरी असं नाही.” मी विचारलं, “सगळंच सांगायचं?” “नाही. पासवर्ड चुकला तर ‘नाव बरोबर आहे, पासवर्ड चूक’ असं नाही सांगायचं. चोराला अर्धी माहिती फुकट मिळते. तिथे दोन्हीपैकी काहीतरी चुकलंय, एवढंच.”

चहा निवला होता. मला एक आजी आठवत होत्या.

भाजी विकायच्या. खातं जुनं, सही करायला प्रौढशिक्षण वर्गात शिकलेल्या, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. बऱ्या झाल्या, पण उजवा हात थरथरायचा. नातवाची फी भरायला पैसे काढायला आल्या. सही जुळेना. मी स्लिप परत केली. म्हटलं, “आजी, सही जुळत नाही.” दोन दिवसांनी पुन्हा आल्या. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, “बाळा, कशी पाहिजे ते दाखव की रे. तशी करते.” आता नमुना सही गिऱ्हाइकाला दाखवायची नाही हा नियम. आणि योग्य नियम आहे, भाचाही तेच म्हणेल. मी म्हणालो, “दाखवता येत नाही, आजी.” मागे रांग होती. त्या बाजूला झाल्या.

चौथ्यांदा आल्या त्या नातवाची जुनी वही घेऊन. वहीच्या मागच्या पानांवर ओळीने सह्या केल्या होत्या. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, पान उलटून पुन्हा. एकीसारखी दुसरी नव्हती. त्यांनी वही काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, “यातली कुठली चालते बघ.”

माझ्या मागून आमचे पासिंग ऑफिसर आले. त्यांनी वही पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि शाईचं पॅड मागवलं. आजारपणाने सही येत नसेल तर अंगठा, ओळखीचे दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा अधिकारी. हा नियम मला पाठ होता. पदोन्नतीच्या परीक्षेत त्यावर मला पाचपैकी पाच गुण मिळाले होते. तीन वेळा मी त्यांना काय चालत नाही ते सांगितलं, आणि ते तिन्ही वेळा बरोबर होतं. काय चालेल ते त्यांनी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

दुसरे साक्षीदार उंच टेबलापाशी बसणारे पेन्शनर काका झाले. पाच मिनिटांचं काम. मी नोटा मोजल्या, उलट्या करून पुन्हा मोजल्या आणि दिल्या. आजींनी वही बगलेत धरली, समोरच्या बाकावर बसल्या आणि थरथरत्या हाताने, एकेक नोट मांडीवर ठेवत मोजू लागल्या. बराच वेळ लागला. रांगेतला कोणीतरी म्हणाला, “आजी, साहेबांनी मोजूनच दिलेत.” मलाही, खोटं कशाला बोलू, जरा लागलंच. आजींनी मान वर केली नाही. सगळ्या मोजून झाल्यावर त्यांनी गड्डी उलटी केली आणि पुन्हा सुरुवात केली, आणि त्यातली एक नोट दाराच्या उजेडाकडे धरून नीट बघितली.